रानडुक्कर, परवानगी आणि बंदूक: शिकारीने वन्यजीवांचं व्यवस्थापन खरंच होतं का?

पैनगंगा_काठ

मंडळी, शिकारीचा विषय निघाला की आपल्याकडे दोन तट पडतात. एक म्हणतो मारून टाका, दुसरा म्हणतो मुका जीव आहे. मला मात्र वेगळंच विचारायचंय. मारायची परवानगी कायद्यात आहे, मग तिचा उपयोग का होत नाही?

आधी कायदा सांगतो, कारण पुष्कळांना वाटतं की शिकार सरसकट बंद आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चं कलम ९ शिकार बंद करतं, आणि कलम ११ अपवाद देतं. वाघ-बिबट्यासारख्या अनुसूची १ मधल्या, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका असेल, तो पकडता येत नसेल, बेशुद्धही करता येत नसेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारायची परवानगी देतो. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्यासाठी अट सैल आहे. उभ्या पिकाचं नुकसान हे कारणसुद्धा चालतं. आपल्या राज्याने तर २०१५ मध्ये जीआर काढून ठरवलं की शेतकऱ्याच्या अर्जावर वनक्षेत्रपालाने २४ तासांत निर्णय द्यायचा.

आता वावरात काय होतं ते ऐका. डुक्कर जेवढं खातं त्याच्या कितीतरी पट नासतं. मक्यात शिरलं की ताट आडवं पाडणार, कणीस अर्धं चावून सोडणार आणि पुढच्या ताटाकडे वळणार. सोयाबीनला शेंगा धरल्या की कळप ओळीच्या ओळी तुडवत जातो, मधोमध लोळून जागा करतो. हरभऱ्यात नाकाने उकरून झाडं मुळासकट वर काढतो. सकाळी धुऱ्यावर उभं राहून बघितलं तर नांगर अर्धवट फिरवून कोणी निघून गेलंय असं वाटतं. मग वनरक्षक, तलाठी आणि कृषी सहायक एकत्र आले तर पंचनामा. तिघांची वेळ जुळेपर्यंत पाऊस पडून गेला की खुरांचे ठसे पुसलेले.

समजा परवानगी मिळाली. मारणार कोण? आमच्या शिवारात परवान्याची बंदूक नाही. शहरातून कोणी यायचं तर तो त्याच्या सवडीने येणार, डुक्कर आपल्या सवडीने. मेलेलं जनावर कलम ३९ प्रमाणे सरकारी मालमत्ता, म्हणजे पुन्हा पंचनामा आणि विल्हेवाट. परवानगी वनखात्याची, नुकसान शेतकऱ्याचं, बंदूक तिसऱ्याची आणि मेलेलं डुक्कर सरकारचं. चौघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

म्हणून लोक तारेत वीज सोडतात. त्यात डुक्कर मरतं, वाघ मरतो, रात्री पाणी द्यायला गेलेला शेजारीही मरतो. विदर्भात हे वारंवार झालंय. माझं म्हणणं सरळ आहे: रानडुकराची मोजून, ठरावीक काळात, गावाच्या हाताने होणारी शिकार कायद्यात बसवा. ज्याला मारायचा हक्क, त्याच्यावरच नुकसानीची जबाबदारी. यावर बोलूया.

---

वसुधा

पैनगंगा_काठ दादा, तुमचं नुकसान खरं आहे आणि त्याबद्दल मी एक शब्दही वावगा बोलणार नाही. पण बंदुकीने प्रश्न सुटल्याचं एक उदाहरण दाखवा.

२०१५ च्या अखेरीस केंद्राने बिहारमधल्या नीलगायी आणि रानडुकरं उपद्रवी ठरवली. २०१६ च्या जूनमध्ये मोकाम्याच्या टालात (गंगाकाठच्या सखल शेतीपट्ट्यात) बाहेरून नेमबाज आणून दोनशेहून जास्त नीलगायी मारल्या. पुढे काय झालं? त्यानंतरही बिहारला अशा मोहिमा पुन्हा काढाव्या लागल्या. त्याच वर्षी चंद्रपुरात ५३ रानडुकरं मारल्यावरून दोन केंद्रीय मंत्र्यांमध्ये जाहीर वाद झाला. चंद्रपूर जिल्ह्यातला शेतकरी आज निवांत झोपतो का?

हिमाचलने माकडं उपद्रवी ठरवून घेतली, तर माणसं मारायलाच तयार होईनात, कारण हनुमान. शेवटी नसबंदीवरच भर राहिला.

शिवाय आपला इतिहास आठवा. इंग्रजांच्या काळात वाघ, लांडगे मारायला बक्षिसं होती. चित्ता आपण शिकारीनेच गमावला. आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानच्या राजाने शेवटचे तीन एका रात्रीत मारले आणि १९५२ मध्ये तो नामशेष झाल्याचं जाहीर करावं लागलं. तेव्हाही 'आम्ही व्यवस्थापन करतोय' असंच म्हटलं जात होतं. एकदा मारण्याची मुभा दिली की ती डुकरावर थांबेल याची खात्री कोण देणार?

---

सायली_क

चर्चा पुढे जायच्या आधी एक गोष्ट वेगळी काढू या, नाहीतर सगळे एकमेकांना चुकीचं उत्तर देत बसू. 'शिकार' या एका नावाखाली तीन वेगळी कामं आहेत. विशिष्ट धोकादायक प्राणी मारणं हे एक. एखाद्या जातीची संख्या कमी करणं हे दुसरं. आणि पैसेवाल्या शिकाऱ्याला एखादा नर मारू देऊन त्या पैशातून संवर्धन करणं हे तिसरं. तिन्हींचे पुरावे वेगळे आहेत. बिबट्याचा दाखला डुकराला लागू पडत नाही, आणि पैसेवाल्या शिकारीचा नामिबियाचा दाखला यवतमाळला.

दादांचा मुद्दा दुसऱ्या प्रकारातला आहे, तर त्याबद्दल सांगते. रानडुक्कर हे संख्या आटोक्यात ठेवायला सगळ्यात अवघड जनावरांपैकी आहे. गाभणकाळ चार महिन्यांहून थोडा कमी, एका वेताला चार-सहा पिल्लं सहज, खायला भरपूर असेल तर त्याहून जास्त. फ्रान्समध्ये भरपूर शिकार होणाऱ्या जंगलांत वर्षानुवर्षं डुकरांचा अभ्यास झालाय. तिथे दिसलं की शिकारीचा ताण वाढला तशा माद्या लहान वयात, पहिल्याच वर्षात विऊ लागल्या. म्हणजे चार-दोन मोठे नर मारून फोटो काढले तर संख्येवर काहीच परिणाम होत नाही. परिणाम हवा तर माद्या आणि वर्षाच्या आतली पिल्लं मोठ्या प्रमाणात, दरवर्षी काढावी लागतात. हे ऐकायला वाईट वाटतं. पण संख्या कमी करायची म्हणताना आपण नेमकं हेच म्हणत असतो, ते स्पष्ट बोललेलं बरं.

आणि मुळात आपल्याकडे डुकरांची मोजणी कुठे आहे? वाघांची दर चार वर्षांनी होते. शेतशिवारातल्या डुकराची तालुकावार आकडेवारी कोणाकडे आहे? आकडा नसेल तर दहा मारले काय, हजार मारले काय, उपयोग झाला का हे कळणार कसं?

---

निनाद_बाडेन

मी दक्षिण जर्मनीत राहतो. इथलं सांगतो, कारण 'ज्याचा हक्क त्याची जबाबदारी' हे वाक्य वाचून थबकलो. इथे जवळपास तसंच आहे.

गावातल्या जमीनमालकांची मिळून शिकारीच्या हक्कासाठी एक संस्था असते. ती ठरावीक हद्दीतला शिकारीचा हक्क कोणाला तरी काही वर्षांच्या भाड्याने देते. शिकारी व्हायला मोठी परीक्षा: प्राणी ओळखणं, रोग, कायदा, नेमबाजी, मांस कसं हाताळायचं, सगळं. आणि महत्त्वाचं म्हणजे रानडुकराने मक्याचं नुकसान केलं तर शेतकऱ्याला भरपाई बहुतेक करारांत त्या भाडेकरू शिकाऱ्यालाच द्यावी लागते. म्हणून मका पिकायच्या दिवसांत शिकारी रात्र-रात्र मचाणावर बसलेला दिसतो. हौस असतेच, पण न बसल्यास खिशाला चाट असते. मारलेल्या डुकराचं मांस आधी तपासणीला जातं, मग खाटकाकडे किंवा घरात.

पण सायलीताईंचा मुद्दाही इथेच सिद्ध होतो. २०१९-२० च्या एका हंगामात जर्मनीत आठ लाखांहून जास्त रानडुकरं मारली गेली. एवढी शिस्त, एवढे प्रशिक्षित शिकारी, आणि तरी डुकरं संपण्याच्या जवळपासही नाहीत. मक्याचं क्षेत्र वाढलं, हिवाळे सौम्य झाले, लांडगे शतकभर नव्हतेच (आता परत येतायत). शिकारीमुळे नुकसान थोडं आटोक्यात राहतं, एवढंच मी म्हणेन.

---

तळकोकण

आमच्याकडे, सिंधुदुर्गात, बंदुका आहेत. शेतीसंरक्षणाचे परवाने पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत आहेत, बऱ्याच जुन्या ठासणीच्या. तरी पैनगंगाभाऊंचंच दुखणं आमचंही. दर निवडणुकीला बंदूक पोलीस ठाण्यात जमा करा. विधानसभा, लोकसभा, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत... भात पोटरीत येतं तेव्हा नेमकी आचारसंहिता. नूतनीकरणाला तालुक्याच्या ठिकाणी फेऱ्या. वडिलांचा परवाना मुलाच्या नावावर करायचा तर वर्ष जातं. म्हातारी माणसं गेली की बंदूक जमा करून टाकतात लोक.

पूर्वी हाका असायचा. वाडीतल्या प्रत्येक घरातून एक माणूस, कुत्री, डबे वाजवत रान उठवायचं, आणि नेम धरणारे ठरल्या जागी बसलेले. जनावर पडलं की वाटे, प्रत्येक घराला सारखा. हे आज गुन्हा आहे आणि मी त्याचं समर्थन करत नाही. पण हाका वाडीचा होता म्हणून कुठलं रान कधी उठवायचं, पिल्लांच्या दिवसांत थांबायचं की नाही, हे चारचौघांत ठरायचं. आता जे होतं ते चोरून होतं: रात्री बॅटरी लावून, किंवा फासकी, म्हणजे तारेचा फास लावून. फासकीत डुक्कर अडकायचं तिथे बिबट्या अडकतो. गेल्या काही वर्षांत आमच्या भागात असे बिबटे कितीदा सापडले ते वनखात्यालाही माहीत आहे.

गव्यांबद्दल तर बोलूच नका. तो अनुसूची १ मधला, त्याच्यावर कोणी बंदूक उचलावी असं मीही म्हणणार नाही. पण केळीची बाग एका रात्रीत जाते.

---

पैनगंगा_काठ

वसुधाताई, तुमचा चित्त्याचा दाखला मला पटत नाही. चित्ता संपला तो राजेरजवाड्यांच्या हौसेने आणि माळरानं गेल्याने. शेतकऱ्याच्या पीकरक्षणाने नाही. उलट आपल्याच राज्यात बघा. दाजीपूर हे कोल्हापूर संस्थानचं शिकारीचं राखीव रान होतं, म्हणून ते तोडलं गेलं नाही, आणि १९५८ मध्ये ते गव्यांचं अभयारण्य झालं. ताडोब्यात १९३५ मध्ये शिकार बंद झाली, १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. म्हणजे शिकारीने रान राखलं असंही घडलंय, आणि शिकार थांबवून राखलं असंही. रान कोणाच्या ताब्यात आहे आणि त्याला ते राखण्यात काय मिळतं यावर सगळं अवलंबून आहे.

बिहारबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. बाहेरचा नेमबाज येऊन चार दिवसांत दोनशे जनावरं पाडून गेला, त्याला व्यवस्थापन म्हणत नाहीत.

निनादभाऊ, भाडेकरू शिकाऱ्याने भरपाई द्यायची ही गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकली. आमच्याकडे भरपाई सरकार देतं, म्हणून ती कमी आणि उशिरा. डुक्कर आवरलं नाही म्हणून कोणाच्याही खिशातून एक रुपया जात नाही. वीज सोडणाऱ्याला शिक्षा होते, हातावर हात धरून बसणाऱ्याला काहीच नाही.

---

माळरान

मी सोलापूरकडचा, फासेपारधी समाजातला. या धाग्यावर आत्तापर्यंत आमचं नाव आलं नाही, म्हणून लिहितोय.

आमच्या आजोबा-पणजोबांना कुठल्या ओघळीतून डुक्कर पाण्याला उतरतं, कुठल्या गवतात तितर बसतो, हे झोपेतही सांगता यायचं. शिकवलेल्या गाईच्या आडोशाने हरणाच्या कळपाजवळ जायची आमची पद्धत होती. १८७१ च्या कायद्याने आमच्या माणसांना जन्मतः गुन्हेगार ठरवण्याचा मार्ग काढला, १९५२ मध्ये तो शिक्का पुसला. १९७२ च्या कायद्याने शिकारीवर बंधनं आली तेव्हा आमचा धंदा गेला, पण त्याबदल्यात जमीन, शिक्षण, रोजगार यातलं किती मिळालं? अजूनही गावाजवळ मोर मेला तर पहिला पोलीस आमच्या पालावर येतो.

आता तुम्ही म्हणता, नियंत्रित शिकार आणा. आणा. पण मग परवानगी कोणाला मिळेल? महागडी रायफल घेऊन शहरातून येणाऱ्या हौशी माणसाला 'नेमबाज' म्हणून बोलावणार, त्याचे फोटो छापणार, आणि आमच्या पोराच्या झोळीत फासा सापडला तर त्याला आत टाकणार. हेच आजही चालू आहे. गावाने डुकरं कमी करायची ठरवली तर त्या कामावर पहिला हक्क आमच्यासारख्यांचा असला पाहिजे, पगारावर, ओळखपत्रासह. डुकराचा माग आम्ही काढू, हरणाला हात लावणार नाही. माळढोकाच्या रानात राखणदार म्हणून काम केलेली आमची माणसं आहेत. त्यांना विचारा, भरवसा ठेवता येतो की नाही.

---

सायली_क

माळरान दादा, हे लिहिलंत ते फार बरं झालं. पूर्ण सहमत. जिथे स्थानिकांच्या ज्ञानाला नोकरी आणि मान मिळाला तिथेच या योजना टिकल्या आहेत.

तिसऱ्या प्रकाराबद्दल, म्हणजे पैसेवाल्या शिकारीबद्दल, थोडं लिहिते, कारण आंतरजालावर तिचेच दाखले फिरत असतात. पाकिस्तानात मारखोर या डोंगरी बकऱ्याच्या नराची शिकार परवान्याने होते. वर्षाला मोजकेच परवाने, एकेका परवान्याचे लिलावात लाख डॉलरच्याही वर पैसे, आणि त्यातला ८० टक्के वाटा त्या दरीतल्या गावांना. गावकरी स्वतःच चोरट्या शिकाऱ्यांना अडवतात. २०१५ मध्ये जागतिक लाल यादीत (आययूसीएन) मारखोर 'संकटग्रस्त' वर्गातून दोन पायऱ्या खाली उतरला. हे यश खरं आहे, नाकारू नये.

केनियाने १९७७ मध्ये शिकार पूर्ण बंद केली, तरी २०१६ पर्यंत तिथल्या गवताळ भागातले वन्यप्राणी सुमारे ६८ टक्क्यांनी घटले. शिकारसमर्थक हा आकडा नेहमी पुढे करतात. पण त्या काळात लोकसंख्या, कुंपणं, गुरं, दुष्काळ सगळंच वाढलं. बंदीमुळे घटले असं त्यातून सिद्ध होत नाही. बंदी एकटी पुरत नाही एवढं मात्र सिद्ध होतं.

आणि २०१५ चा झिम्बाब्वेतला सेसिल सिंह आठवा. गळ्यात अभ्यासाचा पट्टा असलेला सिंह उद्यानाबाहेर ओढून मारला. पैसा आणि देखरेख यांची सांगड तुटली की काय होतं ते त्यातून दिसलं.

भारतात ही वाट मला बंदच ठेवावीशी वाटते. आपल्याकडे जंगलाशेजारी राहणाऱ्यांच्या हातात तो पैसा पोचेल असं मानायला मला आज तरी काही आधार दिसत नाही.

---

शिवनेरीकर

आमच्या जुन्नर-शिरूर पट्ट्यात माणसं बिबट्याच्या हल्ल्यात गेली आहेत. लहान मुलं गेली आहेत. त्यामुळे मारायचं का, यावर आमच्याशी कोणी तत्त्वज्ञान बोलू नये.

तरी एक गोष्ट सांगतो, जी गावात पटवायला मला फार जड जाते. २००१ नंतर आमच्याकडे बिबटे पकडून दुसरीकडे सोडायची मोहीम झाली. त्याआधी वर्षाला सरासरी चार हल्ले व्हायचे. मोहिमेच्या काळात ते सतरावर गेले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी हे नोंदवून प्रसिद्ध केलंय. जागा रिकामी झाली की तरणा, अनोळखी बिबट्या उसात येऊन बसतो. सोडलेला बिबट्याही भेदरलेला असतो. म्हणून सरसकट बिबटे मारा म्हणणाऱ्यांना मी विचारतो, मारलेल्याची जागा कोण घेणार? ऊस तर तिथेच आहे, कुत्री तिथेच, उघडा गोठा तिथेच.

ज्याने माणूस मारलाय तो बिबट्या नक्की ओळखून मारला तर माझी हरकत नाही. ओळखायची पद्धत मात्र पक्की हवी. पिंजऱ्यात जो पहिला येईल तो 'नरभक्षक' असं नको.

---

रेंज_निवृत्त

वनखात्यात नोकरी केली, आता निवृत्त. शिव्या आम्हाला दोन्हीकडून पडतात, त्याची सवय आहे.

शिवनेरीकरांनी ओळख पक्की हवी म्हटलं ते फार महत्त्वाचं. पांढरकवड्याच्या टी-१ वाघिणीचं प्रकरण सगळ्यांना आठवत असेल. १३ मृत्यूंशी तिचं नाव जोडलं गेलं होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घातली. त्यानंतर राष्ट्रीय व्याघ्र प्राधिकरणाच्या समितीने कार्यपद्धती पाळली गेली नाही असाच निष्कर्ष काढला. एका वाघिणीसाठी एवढी यंत्रणा असूनही हे होत असेल, तर प्रत्येक गावात डुकरासाठी बंदुका चालल्यावर कोण काय पाहणार?

जमिनीवरच्या अडचणी सांगतो. एक, जखमी डुक्कर. नेम चुकला की ते उसात किंवा तुरीत घुसतं, आणि सकाळी निंदायला आलेल्या बाईवर धावून जातं. गोळी घालणाऱ्याने जखमी जनावराचा माग काढून ते संपवलंच पाहिजे, ही अट प्रत्येक परवान्यात हवी. दोन, परवान्याच्या आडून चितळ-सांबर मारले जातात. डुकराचं मांस खायला मुभा दिली तर हे वाढेल. प्रयोगशाळेत पाठवल्याशिवाय शिजलेलं मांस कोणाचं, हे आम्हाला सांगता येत नाही. तीन, वाघाच्या पट्ट्यात डुक्कर हे वाघाचं खाद्य आहे. ते काढून टाकलं की वाघ गुरांकडे वळणार. म्हणून व्याघ्र प्रकल्पाभोवतीच्या बफरमध्ये एक नियम आणि पन्नास किलोमीटर लांबच्या शेतीपट्ट्यात दुसरा, असं करावं लागेल.

केरळने २०२२ पासून ग्रामपंचायत अध्यक्षांना मानद वन्यजीव रक्षकाचे अधिकार देऊन डुकराची परवानगी गावपातळीवर आणली. विष, स्फोटकं, वीज यांना सक्त मनाई, मेलेलं डुक्कर पुरायचं. तिथेही प्रशिक्षित बंदूकधारी कमी पडतात असंच ऐकू येतं. पण निर्णय गावात होतो, हा फरक मोठा आहे.

---

वसुधा

रेंज_निवृत्त काका, हे वाचून माझी भीती कमी झाली नाही, वाढलीच. पण केरळचं गावपातळीवरचं स्वरूप मला बिहारपेक्षा कमी वाईट वाटतं हे मान्य करते.

माझा आग्रह एवढाच की बंदूक ही यादीत शेवटी असावी. सौर कुंपण, ज्याला सगळे झटका मशीन म्हणतात, त्याला जन-वन विकास योजनेत अनुदान आहे. एकट्याच्या शेताला कुंपण घातलं की डुकरं शेजाऱ्याकडे जातात, हे मी आमच्या मामांच्या गावी पाहिलंय. पूर्ण शिवाराला एक कुंपण घातलं, त्याच्या खालचं गवत कापायचं काम पाळीने केलं, तर ते चालतं. तारेला गवत टेकलं की झटका जमिनीत उतरतो आणि मशीन नुसती टिकटिक करत राहते. हे साधं काम न केल्याने किती कुंपणं बंद पडली असतील!

---

पैनगंगा_काठ

वसुधाताई, गवताचं म्हणालात ते शंभर टक्के खरं. आमच्याकडेही कुंपण मशीन बिघडल्याने क्वचितच बंद पडतं, बहुतेक वेळा गवतानेच पडतं.

सगळ्यांचं वाचून माझी मागणी आता अशी आहे. वाघाच्या क्षेत्राबाहेरच्या दोन-तीन तालुक्यांत आधी डुकरांची नीट मोजणी आणि पिकाच्या नुकसानीची नोंद. मग शिवाराचं सामाईक कुंपण. त्यानंतरही नुकसान राहिलं तर ग्रामसभेच्या ठरावाने, ठरलेल्या महिन्यांत, प्रशिक्षित स्थानिक पथकाने डुकरं मारायची, आणि त्या पथकात पारधी समाजाच्या माणसांना पगारी जागा. प्रत्येक जनावराची नर-मादी-पिल्लू अशी नोंद. शेजारच्या तालुक्यात फक्त कुंपण ठेवायचं, म्हणजे तीन वर्षांनी दोन्हींची तुलना करता येईल. मांसाचा मुद्दा मी काकांच्या सांगण्यावरून सध्या सोडून देतो. भरपाईचा काही भाग मात्र पथकाच्या कामाशी जोडलाच पाहिजे, त्यावर मी मागे हटणार नाही.

रेंज_निवृत्त काका, ग्रामसभेचा असा ठराव पाठवायचा तर तो उपवनसंरक्षकांकडे द्यायचा की थेट मुख्य वन्यजीव रक्षकांकडे?

---

रेंज_निवृत्त

उपवनसंरक्षकांकडे द्या आणि प्रत मुख्य वन्यजीव रक्षकांना. सोबत किमान दोन हंगामांचे पंचनामे जोडा, गट क्रमांकासह. पंचनाम्याशिवाय आलेला ठराव फाइलीत राहतो. आणि कुंपणाचा प्रस्ताव त्याच अर्जात टाकू नका, त्याचं टेबल वेगळं आहे.

---

माळरान

ठरावाचा मसुदा इथे टाका दादा. पथकाचा भाग मी आणि आमच्यातले दोघं-तिघं बसून लिहून देतो.